बुरूजांचे नंबर

आमच्याकडे लाईट गेली की भांडण सुरू व्हायचं. भांडण पाण्याचं नाही, वाटणीचं नाही, बुरूजांचं. पहिला चांगला की तिसरा, तिसऱ्यापेक्षा चौथा वरचढ की नाही, आणि दुसरा शेवटच्या नंबरावर टाकायचा की नाही, यावर आम्ही घामानं निथळत त्या टिनाखाली इतकं ओरडायचो की मागच्या खोलीतून आई म्हणायची, "बापा, लाईट आली तं बरं होईन, तुमची तोंडं तरी बंद होतीन."

बुरूज हा टीव्हीवर खेळायचा गेम. त्याचं खरं नाव आम्हाला बरीच वर्षं माहीत नव्हतं, कारण कॅसेटवर सगळं जपानी लिपीत. वर एका काळ्या बुरूजाचं चित्र, त्याच्या पायथ्याशी कंदील घेतलेला एक मुलगा. म्हणून गेमचं नाव बुरूज आणि त्या मुलाचं नाव बंड्या. त्याचे एकामागून एक भाग येत गेले. प्रत्येक भागात बंड्या आपलं गाव सोडून निघतो, जंगल, नदी, भुयारं पार करतो, राक्षसांशी लढतो आणि शेवटी बुरूज पाडतो. तेच गाव, तोच बुरूज, पण दरवेळी गोष्ट वेगळी. आज लोक हे सगळं घरबसल्या मोबाईलवर खेळतात. आम्हाला एकेक भाग पाहायला मिळायचा तो कुणी नागपूरहून आणला तर.

आमचं घर घाटंजीत, कापूस खरेदीच्या आवाराच्या मागच्या रस्त्याला. मागं दोन खोल्या विटांच्या, समोर एक टिनाची. त्या टिनाच्या खोलीत माझ्या मोठ्या भावानं, मिलिंददादानं, गेमचं दुकान काढलं होतं. दादा आयटीआयमधून वायरमन झालेला. कागद हातात होता, नोकरी नव्हती. कोणाचा पंखा दुरुस्त कर, कोणाच्या लग्नात लायटिंग लाव, असं करत करत त्यानं दोन जुने टीव्ही आणि गेमच्या मशिनी जमवल्या. बाबा जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, कामाला. ते घरी आले की त्यांच्या भुवयांवर, कानाच्या केसांवर पांढरा बारीक कापूस बसलेला असायचा आणि लहानपणी मला वाटायचं की माझे बाबा रोज संध्याकाळी म्हातारे होतात आणि आंघोळ केली की परत तरुण. आई हंगामात वेचणीला जायची. बोंडांच्या टोकांनी तिची नखं सोलून निघालेली असायची, त्याच हातांनी ती भाकरी थापायची. भाकरी, अंबाडीची भाजी आणि लाल तिखटावर गरम तेल ओतलेला भुरका. भुरक्याचा ठसका टिनाच्या खोलीपर्यंत जायचा आणि गेम खेळणारी पोट्टी खोकायला लागायची. आजही ठसका लागला की माझ्या कानात गेमची ती टिंवटिंव वाजते. ही काही गोड आठवण नाही. सोबत जे येतं ते गोड नाही.

खरेदी सुरू झाली की कापसाच्या गाड्यांची रांग आमच्या दारावरून पार नाल्यापर्यंत जायची. नंबर लागेपर्यंत लोक गाडीखालीच झोपायचे, तिथंच तीन दगड मांडून स्वयंपाक करायचे. बैल रवंथ करायचे, रेडिओ लागलेले असायचे, आणि सोबत आलेली पोरं कंटाळून आमच्या टिनाखाली येऊन बसायची. बाप मंडळीच आणून सोडायची. "मिलिंद, हे पोट्टं बसू दे रे तुह्याकडे, गाडीखाली लय कटकट करून राह्यलं." दादा बसू द्यायचा. आईनं दारात माठ ठेवला होता. काही लोक त्यातलं पाणी प्यायचे, काही तहान लागली तरी लांबच्या हापशीवर जायचे. कोण कुठं पाणी पितो हे आम्हा भावंडांना पाठ होतं. त्यावर कोणी कधी बोललं नाही.

तिथं एकटी मुलगी मी. सुरुवातीला दादा बाहेर कामाला गेला की लक्ष ठेवायला बसायचे. मग दुपारी कोणी नसलं की खेळायला लागले, आणि मग असं झालं की बुरूजाचे सगळे भाग शेवटापर्यंत नेलेली त्या गावात मी एकटी होते. दादासुद्धा तिसऱ्याच्या पुढं अडखळायचा. अडकलं की तो हळूच म्हणायचा, "प्रज्ञा, ये, एवढी भिंत पार करून दे."

लाईट जायची हीच मोठी अडचण. लोडशेडिंगचे दिवस. बंड्या भुयाराच्या तोंडाशी आलेला असायचा आणि टीव्ही ठप्प. पहिल्या भागांमध्ये खेळ साठवायची सोय नव्हती. एक टप्पा पार झाला की पडद्यावर जपानी अक्षरांची एक ओळ यायची, तीच पुढच्या वेळी भरली की तिथून पुढं खेळता यायचं. आम्हाला अक्षरं वाचता येत नव्हती, म्हणून आम्ही ती चित्रासारखी खडूनं टिनाच्या भिंतीवर उतरवून ठेवायचो. ही घरासारखी, ही विळ्यासारखी, ही शेपटी वर केलेल्या वासरासारखी. सगळी भिंत त्या अक्षरांनी भरली होती.

आणि लाईट गेली की भांडण. मुख्य भांडण दादा, मी आणि संतोष या तिघांत. संतोष माझ्याच वर्गातला, बाजारपेठेत ज्यांचं बी-बियाणं आणि औषधांचं कृषी केंद्र होतं त्या शेठजींचा एकुलता मुलगा. त्याच्या घरी रंगीत टीव्ही होता, स्वतःची मशीनही घेता आली असती, पण तो यायचा आमच्याकडे. भांडायला घरी कोण होतं त्याला?

"चौथाच एक नंबर," संतोष म्हणायचा. "चौथ्यात घोडा आहे. बाकी सगळ्यात बंड्या पायी हिंडते."

"घोडा आहे म्हणून एक नंबर?" दादा म्हणायचा. "मंग टांगेवाल्याले एक नंबर दे. तिसऱ्यात पाह्य, काय बांधलं आहे! प्रत्येक भुयाराची किल्ली दुसऱ्या भुयारात. एक वायर ओढली की कुठं दिवा लागते ते शोधत राह्य. डोकं लागते त्याले."

"अन् दुसरा?" मी विचारायचे.

"दुसरा शेवटी," दोघंही एका सुरात. सगळी पोट्टी हसायची. दुसरा बुरूज कोणालाच आवडत नव्हता. त्यात रंग मळकट, संगीत जवळजवळ नाहीच, आणि शेवट असा की बंड्या बुरूज पाडून गावात परत येतो तेव्हा गावात कोणी नसतं. घरं उघडी, चुली थंड. तो एकेका घरात डोकावतो आणि मग विहिरीच्या काठावर बसतो. बस, संपलं. बाकीच्या भागांत लोक नाचतात, फुलं उधळतात.

"माझ्यासाठी तोच एक नंबर," मी म्हणायचे. "त्याच्यात खोटं नाही. इतके दिवस लागले तं गाव थांबन का त्याच्यासाठी?"

"तुले रडायचंच आवडते," संतोष म्हणायचा.

"अन् तुले घोडा."

पाचवा आला तो सीडीवर. दादानं त्यासाठी नवी मशीन आणली. त्यात कुठलीही चूक झाली तरी मागं जाऊन ती दुरुस्त करता यायची. संतोषनं तो लगेच चौथ्याच्या खालोखाल लावला. दादाला तो मुळीच पटला नाही. "चूक पुसता येत असन तं माणूस जपून खेळनच कायले?" असं तो म्हणाला आणि पाचवा थेट खाली ढकलला. त्या दिवशी लाईट बराच वेळ आली नाही, आणि ते दोघं भांडून भांडून शेवटी भुकेजले. आईनं दोघांना भाकरीवर भुरका घालून दिला. संतोष आमच्या घरी जेवायचा. त्याच्या बापाला हे माहीत नव्हतं.

त्या वर्षी कापूस गेला. झाडं हिरवीगार, माणसाच्या छातीइतकी, आणि बोंडं लागली तीच किडकी. फोडून पाहिलं की आत काळी लाळ आणि गुलाबी अळी. काहींच्या शेतात तर बोंडंच नव्हती, नुसतं लाकूड. लोक म्हणायचे बियाणंच बोगस. एकाच दुकानाच्या पिशव्या बहुतेकांनी पेरल्या होत्या, आणि औषधही तिथलंच फवारलं होतं. आई वेचणीला जायची ती अर्ध्या दिवसात परत यायची, कारण वेचायला नव्हतंच. दारावरची रांग तोकडी झाली.

बाजाराचा दिवस होता. बाजार भरता भरता आसपासच्या गावांतले, तांड्यांवरचे लोक उपटलेली झाडं हातात घेऊन संतोषच्या बापाच्या दुकानापुढं गोळा झाले. पुढं काय झालं ते मला हिरासिंगकाकांनी सांगितलं. हिरासिंगकाका जवळच्या तांड्यावरचे, आमच्या माठातलं पाणी पिणाऱ्यांपैकी, आणि मला 'छोरी' म्हणून हाक मारणारे. ते त्या गर्दीत होते. लोक शटरवर दगड मारायच्या बेतात होते, तेव्हा शेठजी बाहेर पायरीवर आला आणि त्यानं हात जोडले. म्हणाला, बियाणं कंपनीचं, मी का घरी बनवतो? तुमच्याइतकाच मीही बुडालो. मग म्हणाला, "पण राजेहो, अळी पडली तवा शेतात कोण होतं? तुमची जवान पोट्टी कुठं बसून होती? मले माहीत आहे कुठं. माह्यंही पोरगं तिथंच नासलं. चला, दाखवतो."

आणि तो गर्दीच्या पुढं चालायला लागला. हिरासिंगकाका म्हणायचे, "छोरी, लोकाइचे हात उठून गेलते. उठलेला हात कुठंतरी पडते."

मी आणि दादा दुकानात होतो. आई-बाबा कामावर. संतोष पाचवा खेळत होता आणि मी त्याच्या शेजारी खाटेवर बसून त्याला रस्ता सांगत होते. आधी आवाज आला, मग दारातला उजेड गेला. इतके लोक दारात की आत अंधार झाला. शेठजीनं आत येऊन संतोषला मानेला धरून उभं केलं.

"पाहा," तो गर्दीला म्हणाला. "शाळा सोडून. पाहा." आणि मग संतोषला, "कोणं बोलावलं तुले इथं? सांग सगळ्याइपुढं. कोण बोलावते?"

बापानं एक कानाखाली दिली. "कोण बोलावते?"

संतोषनं माझ्याकडं बोट दाखवलं. "प्रज्ञा," तो म्हणाला.

सगळ्या माणसांनी माझ्याकडं पाहिलं, मग खाटेकडं, मग परत माझ्याकडं. कोणीतरी मागून घाण बोललं. तेवढ्यात एकाचं लक्ष भिंतीवर गेलं. "हे काय लिहिलं आहे बे? हे तं करणी केल्यासारखं आहे." मग सगळ्यांनी ती अक्षरं पाहिली. घरासारखी, विळ्यासारखी, वासरासारखी. "अशानंच गेला गावचा कापूस," कोणीतरी म्हणालं, आणि कोणी हसलं नाही.

दादा मध्ये येऊन उभा राहिला. त्याचा आवाज चढला नव्हता. "काका, हे गेममधले अक्षरं आहेत. तुमचंच पोट्टं लिहून गेलं त्यातलं अर्धं. बसा. पाणी घ्या. बोलू." ज्याला तो काका म्हणाला त्या माणसाचा मुलगा मागच्या हंगामात रोज आमच्याकडे बसायचा. त्या माणसानं कोपऱ्यातली लोखंडी पट्टी उचलली.

तेव्हा दादा ओरडला, "थांबा! मेन बंद करू द्या."

आणि ते थांबले. ही गोष्ट मी कोणाला सांगितली की लोकांना खरी वाटत नाही. ते सगळे खरंच थांबले. दादा स्टुलावर चढला, मेन स्विच पाडला, दोन्ही टीव्हींच्या पिना काढल्या, वायर गुंडाळून बाजूला ठेवली, कोणाला करंट लागू नये म्हणून. मग खाली उतरला, माझा हात धरून मला मागच्या खोलीत नेलं आणि दाराला आतून कडी घातली. आम्ही दोघं चुलीपाशी बसलो आणि ऐकत राहिलो. टीव्ही फुटतो तेव्हा आधी धप्प आवाज होतो, काच नंतर पडते. पत्रे काढले तेव्हा सूर्याचा उजेड दाराच्या फटीतून आत आला. माठ कोणी फोडला ते कळलं नाही. त्यात गेमचं काही नव्हतं.

संध्याकाळी बाबा भुवयांवरचा कापूस न धुताच ठाण्यात गेले. मला आणि दादाला सोबत नेलं. जमादारानं सगळं ऐकून घेतलं, चहासुद्धा मागवला, आणि मग बाबांना बाजूला घेऊन, पण मला ऐकू येईल असं म्हणाला, "लिहितो मी. पण पोरीचं नाव येईन त्याच्यात. पोट्ट्याइत बसत होती म्हणून. पाहा बुवा, लग्नाची पोरगी आहे." जिनिंगमध्ये कोणी आवाज चढवला तर त्याच्या अंगावर जाणारे माझे बाबा. मग ते म्हणाले, "राहू द्या." घरी येताना ते पुढं चालत होते आणि एकदाही मागं वळले नाहीत. मला वाटलं ते माझ्यावर रागावले. खूप नंतर, ते गेल्यावर, आईनं सांगितलं की ते रडत होते.

शाळेत वर्गात संतोष पहिल्या बाकावर बसलेला असायचा. माझ्या बाकावर कोणी बसेना. मी गेले की मुलं टिंवटिंव आवाज काढायची. त्यातली बरीच आमच्याच टिनाखाली खेळलेली. काही दिवसांनी मला मारेगावला आत्याकडे पाठवलं, म्हणजे काढून दिलं. तिथं दहावी केली आणि लगेच लग्न. नवरा वाईट नव्हता. लवकर गेला. मग एसटीत वाहक म्हणून लागले, आणि त्या खाकीनं माझी मुलगी वाढवली. हे मी तक्रार म्हणून लिहीत नाही. मला गणित चांगलं यायचं आणि सर म्हणायचे पोरगी इंजिनिअर होईल, एवढंच फक्त लिहून ठेवते.

दादा पुण्याकडे गेला. कारखान्यात लागला, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. सणाला यायचा. माझ्या मुलीनं एकदा त्याला मोबाईलवर बुरूजाचे सगळे भाग दाखवले. आता ते सगळे मिळतात, नावासकट, आणि जगभरची माणसं त्यांचे नंबर लावत बसतात. ती म्हणाली, "मामा, आई म्हणते तुम्ही लय खेळत होते." दादा मोबाईलकडं न पाहता म्हणाला, "मी? नाही बुवा. मले त्यातलं काही समजत नाही." मी ताटात भाजी वाढत होते. त्याला तो दिवस पुसायचा होता आणि त्यासाठी त्यानं सगळा खेळच पुसला. एरवी असं पुसणं त्याला कुठं पटायचं?

आणि संतोष. तो मला भेटला गेल्या वर्षी, पांढरकवड्यावरून पुढं जाणाऱ्या गाडीत. शेठजी कधीच वारलेला, दुकान आता त्याचं, अजून तिथंच. चेहरा सुटलेला, केसांना रंग. सोबत शाळकरी मुलगा. मी तिकिटं देत देत त्याच्यापाशी आले तेव्हा त्यानं माझ्या छातीवरच्या नावाच्या पट्टीकडं पाहिलं आणि त्याचा चेहरा खराखुरा उजळला.

"प्रज्ञा! अबे, तू! वळखलं का मले?" मग मुलाला, "पाह्य, मी सांगत नव्हतो? हेच ते, बुरूजवाली. सगळे भाग हिनंच संपवले होते." पुन्हा माझ्याकडं वळून, "काय दिवस होते यार. तुह्या आईच्या हातचा भुरका! अजून तोंडाले पाणी सुटते. मी पोराले नेहमी सांगतो, आम्ही काय भांडत होतो म्हणून. मग ते दुकान बंद काहून केलं मिलिंदनं? चांगलं चालत होतं."

"बंद नाही केलं. फोडलं."

"फोडलं?" तो म्हणाला. "कोणं?"

मी त्याच्या तोंडाकडं पाहिलं. तिकिटाची मशीन हातात तशीच. सगळं आयुष्य मी कल्पना केली होती की तो मला भेटेल तेव्हा मान खाली घालेल, किंवा घालणार नाही आणि निगरगट्टपणे हसेल. दोन्हींसाठी माझी उत्तरं तयार होती. पण तो खोटं बोलत नव्हता. त्याला खरंच आठवत नव्हतं.

"तुह्या बापानं," मी म्हटलं. "अन् तू माह्याकडं बोट दाखवलं होतं."

मुलगा बापाकडं पाहायला लागला. संतोष क्षणभर गोंधळला, मग त्यानं हात हलवला. "काहीतरीच काय बोलते. लहान होतो आपण. एक फुल, एक हाफ दे."

मी दिलं. पुढच्या सीटकडं गेले. पांढरकवड्यापर्यंत तो खिडकीबाहेर पाहत राहिला आणि मी माझं काम केलं. उतरताना तो आधी उतरला. मुलगा पायरीवर थांबला आणि हळू आवाजात म्हणाला, "मावशी, तुमच्या मते एक नंबर कोणता?"

"दुसरा," मी म्हटलं.

"दुसरा तं सगळ्यात बेकार आहे ना?" तो म्हणाला. "पप्पा म्हणते, त्याच्यात शेवटी काहीच होत नाही."

खाली बाप त्याला हाका मारत होता. तो उतरला. मी दार लावून घेतलं आणि घंटी दोनदा ओढली.